ईट अकरा किलोमीटर

बलभीमआप्पा पांढऱ्या मातीचा डबा घेऊन वस्तीच्या तोंडाशी निघाले, तेव्हा वैष्णवी भट्टीवर खवा हलवत होती. सासऱ्यांना पाठमोरं पाहून तिला हसू आलं आणि थोडा रागही आला. डबा तोच होता. पाच वर्षांपूर्वी तिचं लग्न जमलं तेव्हाही हाच डबा कामाला आला होता, हे तिला लग्नानंतर कळलं, आणि तेव्हा परत फिरायला उशीर झाला होता.

वस्तीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली पंचायतीनं बसवलेला एक पांढरा दगड आहे. त्यावर काळ्या रंगात लिहिलंय, 'ईट ११ कि.मी.' तलाव होण्याआधी ईट खरोखरच जवळ होतं. तलावानं मधली वाट पोटात घेतली, आणि रस्ता पाण्याला वळसा घालत, दोन माळ चढत-उतरत लांबून येऊ लागला. पाण्यापलीकडं ईटच्या देवळाचा कळस मात्र आजही दिसतो, आणि आप्पांच्या मते कळस दिसतो म्हणजे गाव जवळच. त्यामुळं अकरातला एक आकडा मातीनं झाकला की उरतं ते खोटं नसून सरळ मोजलेलं खरं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. वैष्णवीचे वडील घर बघायला आले ते एसटीनं ईटपर्यंत. तिथून आप्पांनी त्यांना ट्रॅक्टरवर घेतलं आणि वाटेत देवदर्शनाला थांबवलं, ओळखीच्या घरी चहाला थांबवलं, कुणाच्या तरी फडात ऊस खायला थांबवलं. इतकं थांबवलं, की त्या भल्या माणसाला वाटलं, सगळा वेळ थांबण्यातच गेला. दगड बघून ते खूश झाले आणि तिथल्या तिथं सुपारी फोडायचं ठरवून गेले.

लग्नानंतर थोड्या दिवसांनी वैष्णवी म्हणाली, "मी जरा चालत ईटला जाऊन बांगड्या भरून येते." तिचा नवरा रणधीर उठला. त्यानं ट्रॅक्टर काढला. त्या दिवशी ती भट्टीपाशी बसून रडली आणि विचारणाऱ्यांना धूर लागला म्हणून सांगितलं.

आता धाकट्या दिराचं, दिग्विजयचं, जमत होतं. जळकोटची निकिता. मुलगी पसंत होती, मुलगा पसंत होता, दोघांचं फोनवर बोलणंही चालू होतं. राहिलं होतं ते घर बघणं. आजकाल मुलीही घर बघायला येतात, तशी निकिता आज वडिलांबरोबर येणार होती. वैष्णवीला ही जाऊ हवी होती. किती हवी होती ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा चांगला होता, सासू द्वारकाबाई मितभाषी पण मायाळू होती, पण वस्तीवर तिच्या वयाची दुसरी बाई नव्हती. सकाळ-संध्याकाळ उलथनं धरून कढईपुढं उभं राहायचं, हात थांबला की खवा खाली लागतो म्हणून थांबायचं नाही, आणि बोलायचं म्हटलं तर समोर फक्त दूध. फोटोतली हसरी निकिता तिनं मनातल्या मनात केव्हाच कढईच्या पलीकडं उभी केली होती.

मागच्या खेपेला डबाभर मातीत काम भागलं होतं. या वेळी मध्ये दोन मंत्री पडले होते.

वीजखात्याचे थोरले मंत्री परवा एका सभेत म्हणाले होते, की गावापासून दहा किलोमीटरच्या पुढच्या दुर्गम वस्त्यांना वीज अर्ध्या दरानं मिळेल, आणि अंतर रस्त्यानं मोजलं जाईल. त्याच खात्याचे धाकटे मंत्री, म्हणजे राज्यमंत्री, काल दुसऱ्या सभेत म्हणाले, की रस्त्यानं मोजायचं काही ठरलेलं नाही, नकाशावर सरळ रेघ मारली जाईल. रस्त्यानं मोजलं तर वस्ती दुर्गम होती, रेघ मारली तर ती ईटच्या अंगणात होती. अर्ध्या दराची वीज आली तर खवा हलवायचं यंत्र परवडणार होतं. नाही आली तर वैष्णवीचे हात होतेच.

वरून निरोप आला म्हणून लाइनमन शरणप्पा आज दगडाचा फोटो काढायला येणार होता. फोटोत अकरा दिसले तर वीज स्वस्त होणार होती, आणि पाहुण्यांना एक दिसला तर दिग्विजयचं लग्न होणार होतं.

"आप्पा, थांबा, माती लावू नका," रणधीर गोठ्यातून बाहेर येत म्हणाला. "शरणप्पाचा फोटू होऊ द्या आदी. मग लावा काय लावायचं ते."

"आन् पावणे आदी आले तर?" दिग्विजयच्या अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच होता. "वीज आज न्हाय तर उद्या स्वस्त हुईल. पोरगी काय उद्यापस्तोर थांबती व्हय?"

"यंत्र आलं तर तुझ्याच बायकूचे हात वाचतेत."

"बायकू आली तर वाचतेत ना दादा."

दोघंही बरोबर बोलत होते, त्यामुळं आप्पा डबा हातात धरून मधेच उभे राहिले. रणधीर थोरल्या मंत्र्यांचा माणूस. त्यांच्या मागं गर्दीत उभं राहून काढलेला फोटो त्यानं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चिकटवला होता. दिग्विजय धाकट्यांचा. त्याच्याकडंही तसाच एक फोटो होता, त्यात त्याचा फक्त कान आला होता.

"थोरले सायेब बोलले म्हंजे बोलले. रस्त्यानंच मोजणार," रणधीर म्हणाला.

"धाकटे सायेब अभ्यास करून बोलत्यात. रेघच मारणार. मग त्या दगडाचा काय उपेग? झाका निवांत."

द्वारकाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्या दोगांस्नी आपल्या भट्टीवर दूध घालाय लावा एक डाव," त्या म्हणाल्या. "आटवलं की कळतंय कुणात पानी किती हाय ते."

शेवटी असं ठरलं, की शरणप्पा येईपर्यंत दगड उघडा ठेवायचा आणि फोटो झाला की लगेच झाकायचा. पण शरणप्पाचा फोन आला, की मोटरसायकल पंक्चर झाली, उशीर होईल. मग आप्पांनी आकडा झाकला. तेवढ्यात त्याचाच पुन्हा फोन आला, की निघालोच आहे. मग त्यांनी धुतला. पाहुण्यांचा फोन आला, येरमाळ्याला देवीचं दर्शन घेऊन पुढं निघालो. मग झाकला. वैष्णवी कढईवरून हे सगळं बघत होती. आप्पांच्या धोतराचा सोगा पांढरा झाला होता, आणि आजवर कोणत्याही सणाला त्या दगडाची इतकी सेवा झाली नव्हती.

दुपारच्या आत दोन्ही भावांचे मोबाइल एकदमच वाजले. दोघंही आपापल्या कोपऱ्यात जाऊन आपापल्या मंत्र्यांचं बोलणं ऐकू लागले. परत आले तेव्हा दोघांचे चेहरे जरा उतरले होते, पण माना ताठ होत्या.

"सायेब म्हणत्यात, सगळ्या बाजूंनी इचार केला तर सरळ रेघच योग्य हाय," रणधीर म्हणाला.

"आरं, मग आपली वीज?" आप्पांनी विचारलं.

"वीज-बीज मागनं बघू. शास्त्र म्हणून काय हाय का न्हाय? अंतर सरळच मोजत्यात. झाका तो दगड."

"झाका कसा?" दिग्विजय उसळला. "आमच्या सायबांनी आत्ता सांगितलं, रस्त्यानंच मोजाय पायजे. माणूस काय कावळा हाय का, उडत जायला? ईट अकरा किलोमीटर हाय, आन् ते सगळ्यांस्नी दिसलंच पायजे. धुवा दगड."

"भावजी," वैष्णवी भट्टीवरून म्हणाली, "लग्न तुमचं हाय. काय बोलताय ते कळतंय का?"

दिग्विजय क्षणभर थांबला. त्याला कळलं होतं. पण थोरल्या भावासमोर शब्द मागं घ्यायची या घराण्यात पद्धत नव्हती, आणि तशीच ती मंत्रिमंडळातही नव्हती. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. रणधीरनं आप्पांच्या हातातून डबा घेतला. थोरला यंत्रावर पाणी सोडून दगड झाकायला निघाला आणि धाकटा लग्नावर पाणी सोडून तोच दगड धुवायला निघाला. दोघं दोन बाजूंनी दगडाला भिडले. एक लावत होता, एक धूत होता, आणि आकडा बिचारा अर्धा बुडून अर्धा वर आला होता.

तेवढ्यात वळणावर गाडीचा हॉर्न वाजला, आणि गाडीच्या मागोमाग शरणप्पाची मोटरसायकलही दिसली.

आप्पांनी आयुष्यात क्वचितच इतकी चपळाई दाखवली असेल. खांद्यावरचं उपरणं त्यांनी दगडावर टाकलं आणि त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "या, या. देवस्थान हाय आमचं," असं काहीतरी ते पुटपुटले.

निकिताचे वडील उमाशंकरराव आडव्या बांध्याचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी दगडाला लांबून नमस्कार केला. "रस्ता बरा हाय," एवढंच म्हणाले.

"लई बरा. आन् हे बगा, समोर ईट. कळस दिसतो का?"

"दिसतोय की."

"हाकंच्या अंतरावर म्हणाना."

मागून शरणप्पानं हेल्मेट काढत विचारलं, "आप्पा, दुर्गम वस्तीचा दगड कुठाय? फोटू काढून जातो."

"आदी जेव," आप्पा म्हणाले, आणि त्याला दंडाला धरून गोठ्याकडं घेऊन गेले.

पुढचा तासभर आप्पांची जी धावपळ झाली ती वैष्णवी जन्मात विसरणार नव्हती. गोठ्यात ते शरणप्पाला आवाज खाली करून सांगत होते, "लई आडरान बग बाबा. डोकं दुखलं तर गोळी आणायला दीस जातोय. अर्ध्या दरानं वीज दिलीत तर खवा हलवायचं यंत्र तरी घिऊ." आणि ओट्यावर येऊन उमाशंकररावांना मोठ्यानं सांगत होते, "दवाखाना, शाळा, बाजार, सगळं समोर. पोरीला काय कमी पडायचं न्हाय." गोठा आणि ओटा यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत होती. उमाशंकरराव पुरणपोळीवर तूप घेत दोन्ही ऐकत होते, शेजारी निकिताही. दिग्विजय आणि रणधीर एकमेकांकडं न बघता वाढत होते.

जेवणं झाल्यावर निकिता एकटीच भट्टीकडं आली. दुपारचं दूध नुकतंच कढईत पडलं होतं. फोटोतल्यापेक्षा ती उंच होती आणि हसताना तोंडावर हात घेत नव्हती.

"ताई, मी हलवू का?"

"डोळ्यात धूर जाईल."

"जाऊ दे की."

कोपऱ्यातलं दुसरं उलथनं तिनं घेतलं आणि कढईच्या पलीकडं उभी राहिली. बरोबर तिथंच, जिथं वैष्णवीनं तिला इतके दिवस उभी केली होती. दोघी हलवू लागल्या. हात आधी एकमेकींना अडले, मग जमले. निकितानं आपल्या जळकोटच्या घराबद्दल सांगितलं, घर हायवेला लागून आहे, ट्रकच्या आवाजात झोप कशी लागत नाही ते सांगितलं, आणि दिग्विजय फोनवर किती वेळ काहीच बोलत नाही त्याची नक्कल करून दाखवली. वैष्णवी इतकी हसली, की तिला आपलाच आवाज अनोळखी वाटला.

मग निकितानं विचारलं, "ताई, खरं सांगा. ईट किती लांब हाय?"

उलथनं थांबवायचं नसतं, म्हणून वैष्णवीचा हात चालू राहिला, पण जीभ थांबली. एक म्हटलं की काम होणार होतं. लगेच साखरपुडा, मग लग्न, आणि मग रोज ही समोर. मग एक दिवस ही म्हणणार, मी जरा चालत जाऊन बांगड्या भरून येते. त्या दिवशी हिचं तोंड कसं होईल ते वैष्णवीला बघायची गरज नव्हती. ते तिला आतून माहीत होतं. आणि ही रडत बसेल तेव्हा धूर लागला म्हणून जिला सांगेल, तीच फसवणारी असेल.

"अकरा," वैष्णवी म्हणाली. "रस्त्यानं अकरा. समोर दिसतंय म्हणून जवळ वाटतंय. सटरफटर काही आणायचं तरी ट्रॅक्टर नाहीतर मोटरसायकल लागती. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लई रडले होते पहिल्यांदा."

निकितानं वळून कळसाकडं पाहिलं.

"माणसं वाईट न्हाईत," वैष्णवी घाईघाईनं पुढं म्हणाली. "भावजी तर लई गुणाचे हाईत. थंडीत तलावावर पक्षी येतात, ते बघत राहावंसं वाटतं. पण लांब हाय ते लांबच हाय. तू येणार असशील तर ऐकून ये, एवढंच."

निकितानं नुसती मान हलवली आणि दूध घट्ट होईपर्यंत हलवत राहिली. मग उलथनं भिंतीला टेकवून ओढणीनं डोळे पुसत ओट्याकडं गेली. वैष्णवीला वाटलं, गेली. आपल्याच तोंडानं आपण हिला घालवली. तिला वाईट वाटलं, आणि खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं असं मात्र वाटलं नाही.

निरोपाची वेळ झाली. सगळे गाडीपर्यंत पोचवायला आले. शरणप्पाही कॅमेरा सरसावून आला, कारण त्याला अंधाराच्या आत दुसऱ्या वस्तीवर जायचं होतं. आप्पा पुन्हा दगडापुढं उभे होते.

"ताई, जरा पाणी द्या," निकिता म्हणाली.

प्यायला असेल म्हणून वैष्णवीनं तांब्या दिला. निकिता सरळ दगडापाशी गेली. "आप्पा, जरा सरकता का?" असं तिनं इतक्या अदबीनं विचारलं, की आप्पा सरकले. तिनं उपरणं उचलून घडी घातली, आप्पांच्या हातात दिली, आणि तांब्या दगडावर ओतला. पांढरी माती ओघळून खाली गेली. मग ओंजळीनं तिनं उरलंसुरलं पुसून काढलं. दोन्ही आकडे स्वच्छ दिसू लागले.

आप्पा कळसाकडं बघत होते.

"अकरा," उमाशंकरराव म्हणाले. "बरोबर हाय. ईटपासनं गाडीचा मीटरबी अकराच म्हणतोय."

आप्पांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. एवढी सेवा करताना, एवढं धूत-झाकताना, पाहुणे आता ट्रॅक्टरवर येत नाहीत आणि गाडीला मीटर असतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हंजे तुमाला येतानाच..."

"येतानाच ठावं होतं. म्या म्हटलं, बघू कोण सांगतंय. दोन मंत्री, त्यांची बोलणी चार. तुमची एकट्याची म्या मोजायची सोडून दिली." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट मजा होती. ते मुलीकडं वळले. "तुला कुणी सांगितलं?"

"ताईंनी," निकिता म्हणाली. "विचारल्या विचारल्या."

सगळ्यांच्या नजरा वैष्णवीकडं वळल्या. तिनं रणधीरकडं पाहिलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं, पण तो जमिनीकडं बघत होता. त्याला बांगड्यांचा दिवस आठवला असावा.

"मग? काय म्हणतीस?" उमाशंकररावांनी विचारलं.

"मला चालतंय. लांब हाय ते कळलं, आणि कुणाजवळ राहायचंय तेबी कळलं." निकिता दिग्विजयकडं वळली. "पण ते यंत्र आधी यायला पाहिजे. दर अर्धा असू द्या नाहीतर पुरा. एका दुपारीत माझे खांदे भरून आले. ताईंनी पाच वर्षं कशी काढली?"

दिग्विजय फोनवर जसा गप्प बसायचा तसाच गप्प बसला, पण मान इतक्या वेळा हलवली, की उत्तर पोचलं. "म्या उद्याच बघून येतो यंत्र," रणधीर म्हणाला. दिवसभरात दोन्ही भाऊ एका बाजूला आले ते पहिल्यांदा.

शरणप्पानं फोटो काढला. मग मोबाइलकडं बघत तो हसू लागला. "दोगं मंत्री एकाच टेबलावर बसून बोललेत आत्ता. म्हणत्यात, आमी पयल्यापासनं एकच बोलत होतो."

"म्या तेच म्हणत होतो," रणधीर म्हणाला.

"म्याबी तेच," दिग्विजय म्हणाला.

"पर मोजणार कसं?" आप्पांनी विचारलं.

"ते न्हाय सांगितलं," शरणप्पा म्हणाला आणि किक मारून निघून गेला. गाडीही वळणावरून दिसेनाशी झाली. निकितानं खिडकीतून हात बाहेर काढला होता, तो वैष्णवीनं शेवटपर्यंत पाहिला.

द्वारकाबाई इतका वेळ लिंबाखाली उभ्या होत्या. त्या आप्पांजवळ गेल्या. "मला आनलं तवा तलाव मंजूर झालेला ह्यांना ठावं होतं," त्या सुनेला म्हणाल्या, जणू कालचीच गोष्ट. "सांगितलं न्हाय. पानी दारात आलं तवा कळलं. ह्या घरात खरं ऐकून येनारी ही पयलीच." त्यांनी दगडामागं पडलेला मातीचा डबा उचलला आणि वैष्णवीकडं दिला. "आता हे भिताडाला लाव."

आप्पांनी एकदा दगडाकडं आणि एकदा डब्याकडं पाहिलं, आणि उपरणं खांद्यावर टाकून गोठ्याकडं गेले.

दिवस मावळायच्या आत वैष्णवीनं भट्टीची काळवंडलेली भिंत उरलेल्या मातीनं सारवून काढली. मग पाट्याचा वरवंटा घेऊन तिनं आपल्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी ठोकली. यंत्र येणार होतं, तरी ठोकली. निकितानं भिंतीला टेकवून ठेवलेलं उलथनं तिनं धुतलं, पुसलं आणि त्या खुंटीला टांगलं.